दिलेला शब्द मागे घेता येतो का?



आज वाचनात गीतेचा सतरावा अध्याय आहे. श्रद्धात्रयविभागयोग. त्यात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. त्यातला पंधरावा श्लोक वाणीच्या तपाचा. बोलणं कसं असावं याच्या चार कसोट्या तिथे आहेत. ऐकणाऱ्याला उद्वेग न देणारं, सत्य, प्रिय आणि हितकारक. पाचवी गोष्ट म्हणजे स्वाध्याय.

हा श्लोक आपण शाळेपासून ऐकत आलोय, त्यामुळे तो शिष्टाचाराचा नियम वाटतो. गोड बोला, खरं बोला, संपलं. पण भगवंत त्याला 'तप' म्हणतात. तप म्हणजे तापणं. ज्याला काही किंमत मोजावी लागत नाही त्याला तप म्हणत नाहीत. चारपैकी एक-दोन कसोट्या पाळणं सोपं आहे, चारही एकाच वाक्यात पाळायच्या म्हटल्या की घाम फुटतो. आणि आज ज्या प्रश्नावर चिंतन करायचंय, त्यात तर या चारही एकमेकींशी भांडताना दिसतात.

प्रश्न माझ्या मामेभावाचा आहे. तो आमच्याच भागात, तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. चार वर्षांपूर्वी त्याचा एक सहकारी नोकरी सोडून दुसरीकडे जायच्या तयारीत होता. त्याने विचारलं म्हणून याने लिंक्डइनवर त्याच्यासाठी रेकमेंडेशन लिहिलं. दोन परिच्छेद, चांगल्या इंग्रजीत. त्यात एक वाक्य असं होतं की हा माणूस सेफ्टीच्या बाबतीत कधीही तडजोड करत नाही. ते लिहिताना याला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

नंतर एका ऑडिटच्या तयारीत जुनी लॉगशीट्स काढली गेली. एका रात्री कूलिंग वॉटरचा एक पंप परमिट घेऊन दुरुस्तीसाठी तीन तास बंद होता. लॉगशीटवर मात्र त्या तीनही तासांचं प्रेशर व्यवस्थित भरलेलं, नेहमीच्याच आकड्यांत. खाली सही त्या सहकाऱ्याची. मग मागची पानं चाळली तेव्हा दिसलं की ही एका रात्रीची गोष्ट नाही. रेकमेंडेशन लिहिण्याच्या आधीपासून बसल्या जागी रीडिंग भरणं चालू होतं. सुदैवाने काही विपरीत घडलं नाही. पण रिअ‍ॅक्टर असलेल्या कारखान्यात खोटं रीडिंग म्हणजे काय, हे बोईसर-तारापूरच्या माणसाला सांगायला नको. स्फोटाचा आवाज आपल्याकडे घरात बसून ऐकू येतो.

आता तो माणूस पुन्हा नोकरी बदलतोय, सेफ्टीशी थेट संबंध असलेल्या जागेसाठी. आणि याचं ते वाक्य तिथे प्रोफाइलवर तसंच आहे, याच्या नावासकट, फोटोसकट. भाऊ म्हणाला, "दादा, काढून टाकू का? काढलं तर त्याच्या पोटावर पाय दिल्यासारखं होतं. घरी दोन लहान मुलं आहेत, फ्लॅटचं कर्ज आहे. नाही काढलं तर रात्री डोळ्यासमोर ते लॉगशीट येतं."

प्रश्न छोटा दिसतो. क्लिक करायचं आणि डिलीट. लिंक्डइनवर आपण दिलेलं रेकमेंडेशन आपल्याला बदलताही येतं, काढूनही टाकता येतं. ज्याला दिलंय तो ते प्रोफाइलवर दाखवू शकतो, लपवू शकतो किंवा आपल्याला दुरुस्ती मागू शकतो, पण आपले शब्द तो स्वतः बदलू शकत नाही. म्हणजे पान त्याचं, शब्द माझा. या व्यवस्थेतच उत्तराचा अर्धा भाग आहे असं मला वाटतं.

आधी हे पाहूया की रेकमेंडेशन म्हणजे नक्की काय. आपल्या भाषेत याला दोन जुने शब्द आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. एक साक्ष, दुसरा जामीन. साक्ष म्हणजे मी जे पाहिलं ते सांगणं. "2019 ते 2021 आम्ही एकत्र काम केलं, त्याने अमुक केलं." पुढे तो माणूस बदलला म्हणून ही साक्ष खोटी होत नाही. जामीन म्हणजे पुढची हमी. "याला घ्या, मी सांगतो ना." ही हमी मात्र रोज जिवंत असते, आणि माणूस बदलला की तिचा पाया सरकतो. शिफारसीत आपण साक्ष लिहितो, पण वाचणारा तिच्याकडे जामीन म्हणून बघतो. सगळी गफलत इथे आहे.

आता वाचणारा आपल्यावर विश्वास का ठेवतो? महाभारतातल्या द्रोणपर्वातला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. अश्वत्थामा मारला गेला अशी आरोळी उठली तेव्हा द्रोणाचार्यांनी भीमावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी विचारलं युधिष्ठिराला. का? कारण तो खोटं बोलणार नाही ही त्याची आयुष्यभराची कमाई होती. युधिष्ठिराने शब्दशः खोटं सांगितलं नाही, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. पण 'हत्ती' हा शब्द त्याने हळू उच्चारला. तोपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असं व्यास सांगतात.

मला यात रथापेक्षा द्रोणांचा विचार जास्त येतो. त्यांनी शस्त्र खाली ठेवलं ते वाक्यामुळे नाही, वाक्य बोलणाऱ्यामुळे. रेकमेंडेशनचंही तसंच आहे. "सेफ्टीत तडजोड नाही" हे वाक्य तर कुणीही स्वतःच्या प्रोफाइलवर लिहू शकतो. त्याला वजन येतं ते खाली दुसऱ्याचं नाव असतं म्हणून. म्हणजे आपण शिफारस करतो तेव्हा आपली पत उसनी देतो. आणि उसनं दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतंय हे कळल्यावर गप्प बसता येत नाही.

इथे काही जण म्हणतील, लिहिलं तेव्हा खरं वाटत होतं ना, मग दोष कसला? खाली तारीख आहेच. बरोबर आहे, लिहिण्यात दोष नाहीच. आपल्याला जेवढं दिसतं तेवढ्यावरच आपण बोलणार. पण कागदावरचं शिफारसपत्र आणि हे यात एक फरक आहे. कागदाचं पत्र एकदा पाकिटात घातलं की बोलून झालं. ते बदलण्याचा अधिकार माझ्याकडे उरत नाही. प्रोफाइलवरचा मजकूर मात्र जितक्या वेळा कुणी उघडतो तितक्या वेळा नव्याने बोलला जातो, आणि प्रत्येक वेळी तो थांबवण्याचं बटण माझ्या हातात असतं. कळेपर्यंत ती माझी जुनी साक्ष होती. कळल्यानंतर ते माझं आजचं बोलणं झालं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. बग कळण्याआधी कोड चालू होता ही एक गोष्ट, आणि बग कळल्यावरही तोच कोड चालू ठेवला ही दुसरी.

याचा अर्थ असा नाही की ज्यांच्यासाठी कधी चार चांगले शब्द लिहिले त्या सगळ्यांवर आयुष्यभर पाळत ठेवायची. तसं केलं तर कुणीच कुणासाठी लिहिणार नाही. कर्तव्य शोधत फिरण्याने येत नाही, कळल्याने येतं. आणि काय कळलं हेही महत्त्वाचं. माणूस नंतर बदलला असेल तर तारीख असलेली साक्ष आपल्या जागी खरी राहते. पण जे लिहिलं ते त्या काळीही तसं नव्हतं असं कळलं, तर मात्र ते वाक्य तारखेच्या आडोशाला लपू शकत नाही. भावाच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली होती.

आता आपल्या चिंचणीकडे येतो. आपल्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते इथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. 1950च्या दशकात इथे जमिनीतून हे तांब्याचे पत्रे निघाले. त्यातला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला ताम्रपट शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा. त्यात संजाणच्या भागावर राष्ट्रकूटांनी नेमलेल्या एका अधिकाऱ्याचं वर्णन आहे. तो ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप करून ताम्रपटाने त्याला मधुमती म्हटलंय. एका मठिकेला दिलेल्या दानाची ती नोंद आहे, आणि त्याच्याबद्दल त्यात लिहिलंय की त्याने नद्यांवर लोकांसाठी फुकट तरीची सोय केली आणि संजाणला अन्नछत्र घातलं, जिथे भात, कालवण, तूप विनामूल्य मिळे.

अकराशे वर्षं झाली. ताम्रपटांत राजांची जी स्तुती असते, की त्याच्या पराक्रमाने दाही दिशा उजळल्या वगैरे, ती वाचताना आपण नुसती मान डोलावतो. पण तरीची होडी आणि तूपभात वाचला की माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. ही खरी शिफारस. कुणीतरी पाहिलेलं, मोजता येईल असं काम. धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरी लिहिणाऱ्याने ते सांगितलं. आपल्या रेकमेंडेशनमध्ये मात्र दहापैकी नऊ वेळा दाही दिशा उजळलेल्या असतात. डायनॅमिक, पॅशनेट, आउटस्टँडिंग. होडी कुठेच दिसत नाही.

त्या ताम्रपटांबद्दल आणखी एक गोष्ट. दान चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावं अशी इच्छा अशा दानपत्रांत असते, आणि शेवटी शापवचनं असतात. दिलेलं दान जो हिरावून घेईल त्याला घोर नरक. म्हणजे दिलेला शब्द मागे घेणं हे पाप, असा त्या काळचा पक्का समज. मग प्रश्न मिटला का? नाही. कारण त्याच परंपरेत दुसरं उदाहरणही आहे. उत्तर प्रदेशातल्या मधुबन इथे सम्राट हर्षाचा इ.स. 631 चा ताम्रपट मिळाला. त्यात नोंद आहे की एका ब्राह्मणाने खोट्या दानपत्राच्या जोरावर एक गाव उपभोगलं होतं. हर्षाने ते खोटं शासन मोडून टाकलं आणि ते गाव नव्याने दुसऱ्यांना दान दिलं. कूटशासन म्हणतात त्याला. म्हणजे तांब्यावर कोरलेलं असलं तरी ज्याचा पायाच खोटा ते मोडायचं, हेही धर्मातच बसतं. शाप आहे तो लोभाने किंवा लहरीने परत घेणाऱ्याला. असत्य दुरुस्त करणाऱ्याला नाही.

भक्तिमार्गातलं उदाहरण तर याहून गोड आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात अपपाठ शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथमहाराजांनी प्रती तपासून ती शुद्ध केली. माउलींच्या ग्रंथाला हात लावायचा म्हणजे केवढं धाडस! पण माउलींवर प्रेम होतं म्हणूनच तो हात लावला, आणि पुढे कुणी आपल्या ओव्या त्यात घुसडू नयेत असंही बजावून ठेवलं. दुरुस्ती हा अनादर नसतो. कुठल्या भावनेने करतो यावर सगळं आहे.

तर मग मुद्दा भावनेचा. इथे प्रत्येकाने स्वतःशी थोडं कठोर व्हायला हवं. रेकमेंडेशन काढून टाकावंसं का वाटतं, याची कारणं नेहमी सेफ्टीइतकी शुद्ध नसतात. त्याने मला विचारलं नाही आणि दुसऱ्याला प्रमोशन मिळवून दिलं. भागीदारीत पैशावरून वाजलं. मी त्याच्यासाठी लिहिलं आणि त्याने माझ्यासाठी लिहिलंच नाही. आपल्याकडे लग्नात आहेराची वही ठेवतात, कुणी किती दिले ते बघून परत तेवढाच आहेर. लिंक्डइनवर बऱ्याच शिफारशी अशाच आहेराच्या वहीतल्या असतात. तू माझं लिही, मी तुझं लिहितो. मग एकाचं बिनसलं की दुसरा डिलीट करतो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, हा रुसवा झाला. त्या माणसाचं काम जसं होतं तसंच राहिलंय, बदललंय ते फक्त माझं मन.

कसोटी साधी आहे. या माणसाने माझं काहीच बिघडवलं नसतं, उलट काल मला मोठी मदत केली असती, तरी मी हे वाक्य काढलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर ते सत्यासाठी आहे. उत्तर घुटमळत असेल तर थांबावं. चार दिवस जाऊ द्यावेत, नामस्मरण करावं, मग बघावं. भावाला मी हे विचारलं. तो म्हणाला, "दादा, त्याने माझं काहीच वाईट केलेलं नाही. माझ्या लग्नात तो तीन दिवस राबला होता. म्हणून तर जड जातंय." हे ऐकलं आणि माझी खात्री पटली की याचा प्रश्न खरा आहे.

आता श्लोकाकडे परत. सत्य आणि हित म्हणतात काढ. प्रिय आणि उद्वेग न देणारं म्हणतात राहू दे. कोणाचं ऐकायचं?

या श्लोकावर माउलींनी दिलेले दृष्टांत मला फार मदत करतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण त्याला तोडत नाही, त्याचं वजन कमी करत नाही. तसं बोलावं. दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी घालतो आपण झाडाला, पण त्याच्या आधाराने भोवतीचं गवतही जगतं. तसं एकाला उद्देशून बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. शिफारशीला हा दुसरा दृष्टांत जसाच्या तसा लागू पडतो. लिहितो आपण एकासाठी, वाचतात शंभर. झाडाला पाणी घालताना गवताचा विचार केला का, एवढाच प्रश्न. त्या नव्या कारखान्यात रात्रपाळीला जे आठ-दहा जण असतील, ते या हिशेबातलं गवत. त्यांनी भावाचं रेकमेंडेशन वाचलेलं नाही, वाचणारही नाहीत. पण त्याचा परिणाम त्यांच्यापर्यंत पोचू शकतो. त्यांच्याही घरी लहान मुलं आहेत.

आणि 'उद्वेग न देणारं' याचा अर्थ कधीही वाईट वाटू न देणारं असा मी घेत नाही. दाताच्या डॉक्टरकडे दुखतंच. उद्वेग येतो तो पाठीमागून वार झाला की. सकाळी उठून प्रोफाइल बघावं आणि मित्राचे शब्द गायब, कारण माहीत नाही, हा उद्वेग. समोर बसून सांगितलेलं कडू असलं तरी माणसाला उभं राहायला जागा ठेवतं. परिसाच्या दृष्टांतात तोडणं नाही, पण स्पर्श आहे. स्पर्श टाळून कुणाचं सोनं होत नाही.

उघडपणे शब्द मागे घेण्याचं महाराष्ट्रातलं सर्वात अवघड उदाहरण गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. 1897 साली पुण्यात प्लेग होता. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे, प्लेगच्या तपासणीत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले असं त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि तो त्यांना उभा करता येईना. त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. ज्यांनी पत्रं लिहिली त्यांची नावं मात्र सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला. इंग्लंडात नाचक्की झालीच, पण इकडे स्वकीयांनीही त्यांना झोडपलं. अत्याचार झालेच नाहीत असं त्या माफीने ठरत नाही. गोखल्यांना एवढंच म्हणायचं होतं की जे मी सिद्ध करू शकत नाही ते माझ्या नावाने उभं राहू नये. हे निंदेच्या बाबतीत खरं असेल तर स्तुतीच्या बाबतीतही खरं आहे. आणि यातली किंमत त्यांनी स्वतः मोजली, दुसऱ्यांवर ढकलली नाही. त्यालाच वाणीचं तप म्हणायचं.

भावाने काय केलं ते सांगतो. त्याने आधी फोन केला. पंपाची तारीख सांगितली, लॉगशीटचं सांगितलं. तिकडून पहिलं उत्तर आलं, "सगळेच भरतात रे." मग थोड्या वेळाने दुसरं आलं. चार मजल्यांच्या प्लांटला रात्री दोन माणसं, प्रत्येक तासाला फेरी मारायची तर बॅच कोण बघणार? हेही खरंच होतं. भाऊ त्याच प्लांटमध्ये आहे, त्याला ते माहीत होतं. म्हणजे दोष एका माणसावर ढकलून मोकळं होण्याइतकी गोष्ट सरळ नव्हती. पण त्या परिस्थितीत "मला जमत नाही" असं रजिस्टरमध्ये लिहिणं वेगळं आणि आकडे भरणं वेगळं.

शेवटी भावाने रेकमेंडेशन पूर्ण काढलं नाही. सेफ्टीचं वाक्य काढलं. पॅशनेट वगैरे विशेषणं काढली. जे डोळ्याने पाहिलं होतं तेवढं ठेवलं. शटडाउनमध्ये हीट एक्स्चेंजरचं काम दिलेल्या वेळेआधी पूर्ण केलं, नव्या ट्रेनींना पाइपिंगची ड्रॉइंग वाचायला शिकवलं, कंत्राटी कामगारांशी नीट बोलतो. हे सगळं तेव्हाही खरं होतं, आजही आहे. काय बदलणार ते त्याला आधी सांगितलं, आणि वाटलं तर तू ते लपवू शकतोस हेही सांगितलं. यापुढे कुणी फोन करून सेफ्टीबद्दल विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, पण आपणहून कुणाला फोन करून सांगणार नाही, असंही बोलला. आणि आपल्या प्लांटमध्ये रात्रपाळीच्या माणसांचा प्रश्न त्याने मीटिंगमध्ये मांडला. त्याचा निकाल अजून लागायचाय.

"आपणहून सांगणार नाही" यावर मी अजून पूर्ण समाधानी नाही. माणसाच्या जिवाशी खेळ असेल तर मौन कुठवर चालतं, हा प्रश्न उरतोच. त्याचं म्हणणं असं की माझ्या नावाने जे खोटं उभं होतं ते मी उतरवलं, त्याच्या बाकीच्या आयुष्याचा न्यायाधीश मी नाही, आणि सुधारायची एक संधी त्यालाही हवी. यात दयाही आहे आणि मर्यादेचं भानही. मी त्याला चूक म्हणू शकत नाही. तुम्हीही विचार करा.

त्या मित्राने दोन महिने फोन केलेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखांत शेवटी सगळं गोड होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की खरं बोललं की लगेच फळ मिळतं. सतराव्या अध्यायात पुढे सात्त्विक तप कशाला म्हणतात तेही सांगितलंय, जे फळाची अपेक्षा न ठेवता केलं जातं ते. मैत्री टिकेल या अपेक्षेने केलेलं तपही थोडं राजसच.

हे सगळं वाचून कुणी ठरवलं की आता कुणासाठी लिहायलाच नको, तर ते सगळ्यात मोठं नुकसान होईल. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक मुंबईत होते. बागेत अभ्यास करत बसणारा एक मुलगा त्यांनी हेरला. तो 1907 मध्ये मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि पुढे त्याच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 1913 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोचले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. एका शिक्षकाने भीतीपोटी तोंड मिटलं असतं तर? योग्य माणसासाठी शब्द न टाकणं हेही वाणीचं पापच आहे, फक्त ते कुठे नोंदलं जात नाही.

आमच्या चिंचणीत आणि आजूबाजूच्या गावांत दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादावर बारीक नक्षी कोरायची, मग त्यावरून सोन्याचांदीचे शेकडो नग उठतात. डायमध्ये एक रेघ चुकली तर प्रत्येक नगात ती चुकते. कारागीर नग घासत बसत नाही, डाय दुरुस्त करतो, आणि दुरुस्त होण्यासारखा नसेल तर बाजूला ठेवतो. पण चूक होईल म्हणून डाय कोरायचं सोडत नाही. त्यावर घर चालतं.

आजच्या दिवसासाठी एवढंच करूया. आपण आजवर कुणासाठी काय काय लिहून दिलंय, ते एकदा शांतपणे वाचूया. लिंक्डइनवर असेल, शाळेच्या दाखल्यावर असेल, सोसायटीत भाडेकरूसाठी दिलेला शब्द असेल. जिथे होडी आणि तूपभात आहे ते तसंच राहू दे. जिथे नुसत्या दाही दिशा उजळल्या आहेत तिथे पाहिलेलं एक काम लिहूया. जिथे आता माहीत आहे की हे खरं नाही, तिथे आधी त्या माणसाला फोन, मग दुरुस्ती. आणि ज्याच्यासाठी लिहायला हवं होतं पण आळसाने राहून गेलं, अशा एकासाठी आज लिहूया. न मागता.

हे पांडुरंगा, आमच्या तोंडून निघालेला शब्द आमच्याआधी तुझ्यापर्यंत पोचतो. तो तिथे उभा राहील एवढा खरा असू दे, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला समोर उभं राहून सांगता येईल एवढा प्रेमळ असू दे.

राम कृष्ण हरी.